आरपार

माझा बाप यंकप्पा, जातीनं आणि हातानं वडार.
"टाकीऽऽ लावायची का, पाट्याला टाकीऽऽ"
माझगावपासून भुलेश्वरापर्यंत त्याची हाक ओळखीची.
मग घरोघर मिक्सर आले.
हाक आधी बारीक झाली, मग एका उन्हाळ्यात
त्यानं ती छिन्नीसोबत फडक्यात बांधून ठेवली.

त्याच साली फोर्टातल्या गॅलरीत विलायतेहून पेट्या आल्या.
दगड उचलायला दगडातला माणूस हवा होता.
दिवसाला अठरा रुपये, एक जेवण,
आणि करंबेळकर मॅडमची ताकीद: बोटाचा ठसा उमटता कामा नये.
बापानं पांढरे हातमोजे घातले.
आयुष्यात पहिल्यांदा दगड उचलून
त्याला दगड लागला नाही.

फळ्या सुटल्या. आत भुसा, भुशात बाई.
आडवी, एका कोपरावर रेललेली.
डोकं सुपारीएवढं, मांड्या घाटमाथ्यासारख्या,
आणि छातीखाली, जिथं जीव असायचा तिथं
भोक.

"फुटली," बाप म्हणाला. त्याचा चेहरा उतरला.
किती दिवसांची मजुरी कापणार, तो बोटांवर मोजू लागला.
पेट्यांसोबत आलेली मिस हॅलम हसली,
मग हसू आवरून तिनं भोकात अख्खा हात घातला
आणि पलीकडून बापाला बोटं हलवून दाखवली.

मी डबा घेऊन दारात. आठ वर्षांची.
मॅडमनी मराठीत सांगितलं ते अर्धंच कळलं,
की त्यांच्याकडं दोन लढाया झाल्या,
की वरून बाँब पडायचे तेव्हा माणसं भुयारात
अशीच आडवी व्हायची, रांगेनं, 
(आपल्या फुटपाथवर होतात तशी, हे मी मनात)
की त्यानंतर चबुतऱ्यावर राजे चढवण्यात
कुणाला रस उरला नाही.
बाप मान हलवत राहिला. डबा सोडताना म्हणाला,
"म्हंजे साहेब घोड्यावरनं उतरला नि निजला."

पासष्ट साली चौकातला राजा घोड्यासकट उचलला
तेव्हा दोरखंडाला आपणही होतो, असं तो सांगायचा.
खरं-खोटं काळा घोडाच जाणे.
घोडा गेला राणीच्या बागेत, नाव चौकातच राहिलं.
कंडक्टर पुकारायचा, लोक उतरायचे,
पत्ते सांगायचे, भेटीच्या वेळा ठरवायचे
नसलेल्या घोड्यापाशी.

दुपारी सगळे जेवायला गेल्यावर बापानं एक मोजा काढला.
भोकाच्या कडेवरून अंगठा फिरवला, हळू,
पाट्याची धार बघतात तसा.
"टाकीचे घाव सोसले की देवपण येतं म्हणतात.
ही देव काही झाली नाही."
मग वाकून आत बघितलं.
"जात्याला तोंड असतं, त्यातनं दाणं जातात.
हिच्यातनं काय जातं?"
पलीकडं मी उभी होते, डब्याचं झाकण हातात.
त्यानं मला बघितलं. उत्तर काही मागितलं नाही.

आज कॉलेजात मी विसावं शतक शिकवते.
पुस्तकात पॅरिसला चाळीस पानं, लंडनच्या दगडांना चार.
त्या चारांवर मी तीन तास घालवते,
अभ्यासक्रम राहतो, प्राचार्य रागावतात.
त्या शिल्पकाराचं नाव बापाला अजून म्हणता येत नाही.
तो त्याला "भोकवाला" म्हणतो,
आपल्यातल्याच कुणाबद्दल बोलावं तसं.

चौकापाशी आता नवा घोडा उभा केलाय.
पाठीवर कुणी नाही.
परवा टॅक्सी थांबवून बापाला दाखवला.
मोतीबिंदूच्या डोळ्यांनी तो बराच वेळ बघत राहिला.
मागं हॉर्न वाजत होते, टॅक्सीवाला वैतागलेला.
"पाठ बरी घासलीय," एवढंच म्हणाला.
मग अंगठ्याला तर्जनी टेकवून गोल केला,
डोळ्याला लावला,
आणि घोडा सोडून
त्यातनं माझ्याकडं बघू लागला.